आजाराच्या रकान्यात

धाकटी पडली तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते. चार नंबरच्या शेडमध्ये, सातव्या सरीत ती गुलाबाच्या कळ्या कापत होती. आधी हातातली कात्री पडली, मग पाण्याची बादली कलंडली आणि मग ती. आजूबाजूच्या सरींतून बायका धावल्या. मुकादमही धावला, पण तो बादलीकडे.

"आधी कळ्या उचला! चिखल लागतोय!"

"माणूस पडलंय, मुकादम," ठसका म्हणाली.

"दिसतंय मला. डोळे आहेत."

"आहेत ना, पण ते कळ्यांवर आहेत."

ठसका हे तिचं खरं नाव नव्हे. सतत लागणारी खोकल्याची ढास आणि तिखट जीभ, या दोन्हींमुळे ते पडलं होतं. पंचावन्न वर्षांची विधवा, शेडमधली सगळ्यात जुनी कामकरीण. तिला मुकादमही जरा दबकून असे.

जुड्या बांधायच्या खोलीतून थोरली धावत आली. धाकटीची जाऊ. कंबरेला सुतळीचं रीळ तसंच लटकत होतं. तिनं धाकटीचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे अर्धे मिटलेले, तोंडातून लाळ, हात गार. बाहेर ऊन भाजून काढत होतं, शेडमध्ये श्वास घेववत नव्हता आणि हिचे हात गार. बादल्या वाहायच्या ढकलगाडीवर तिला आडवी घातली आणि दोघींनी गाडी ढकलत दवाखान्याच्या खोलीशी नेली. गाडीचं एक चाक कुरकुरत होतं. मुकादमानं मागून ओरडून सांगितलं, गाडी लगेच परत पाठवा.

उन्हाळा चढला की गुलाबावर लाल कोळी चढतो. डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढा किडा, पण पानातला रस ओढून झाड वाळवून टाकतो. त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला आणि कोळी मागं हटेना. एरवी आठवड्यातून एकदा होणारी फवारणी तीनदा व्हायला लागली. त्यात चार नंबरच्या शेडचा बाजूचा पडदा वर गुंडाळायचा रहाट मोडला होता. इतर शेडचे पडदे सकाळी वर जात, वारा आरपार फिरे. चार नंबरचा पडदा दोन महिने जागचा हलला नव्हता. दुरुस्तीवाला येणार होता. तो अजून येतच होता.

डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येई. त्या दिवशी शुक्रवार होता, तेवढं नशीब. त्यानं धाकटीच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या.

"दिवस गेलेत ना? कितवा महिना?"

"चौथा लागलाय," थोरली म्हणाली.

"मग झालं तर. त्यात सकाळी उपाशी आली असेल. आधी किती वेळा पडली?"

"चारदा. नाही, पाचदा असेल."

"चार की पाच?" डॉक्टर हसला. तो वाईट हसला नव्हता, पण हसला. "मोजलेलं नाही आणि रोज पडतात म्हणून सांगता. तुमचं बायकांचं असंच असतं."

थोरलीचे कान तापले. दिवसाला दोनशे जुड्या बांधणारी ती. वीस कळ्यांच्या जुडीत एकोणीस गेल्या तर बोटांना आपोआप कळत होतं. आणि हा सांगतो मोजता येत नाही.

"दुसऱ्याही पडतात," ती म्हणाली. "या महिन्यात अकरा जणी झाल्या."

"त्यांचंही तेच असेल. पोटात काही नसतं आणि बाई म्हटलं की..."

"माझ्याही पोटात आहे का, डॉक्टर?" दारातून ठसकानं विचारलं. "मीही मागच्या आठवड्यात पडले. असेल तर सांगा. या वयात बारसं करायचं म्हणजे तयारीला वेळ लागतो."

बाहेर उभ्या बायका खिदळल्या. डॉक्टरचा चेहरा आक्रसला. त्यानं चिठ्ठीवर लिहून दिलं: अशक्तपणा, दर दोन तासांनी काहीतरी खाणे.

ती चिठ्ठी मुकादमानं आठवड्यानं वाचली आणि उदार होऊन सगळ्यांनाच परवानगी दिली. खा बाबांनो, दर दोन तासांनी खा. फक्त बाहेर जायचं नाही, नळाशी गर्दी नको, वेळ जातो. जागच्या जागी चार घास खा आणि कात्री उचला. बायकांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, त्यांनी मुकादमाला दुवा दिला. इतकी वर्षं चोरून खाल्लेला तुकडा आता सरीत उभं राहून उघडपणे खाता येत होता. डबे शेडमध्ये आले, झाडांच्या बुंध्याशी रांगेनं बसले. ज्या हातांनी कळ्या कापायच्या त्याच हातांनी घास घ्यायचा, हात फडक्याला पुसायचे आणि पुढची कळी.

थोरलीनं मात्र चिठ्ठी मिळाली त्याच संध्याकाळी जुड्यांच्या टेबलामागं पाच खिळे ठोकले होते. पाच शेडचे पाच दोरे. रोज प्रत्येक दोऱ्याला एक गाठ. त्या दिवशी त्या शेडमध्ये कुणी पडलं, ओकलं किंवा डोळे चोळत बाहेर येऊन बसलं, की त्या गाठीत जुडीला लावायचं एक लाल रबर अडकवायचं. दोघींना झालं तर दोन रबरं. मुकादमानं विचारलं, हे काय? ती म्हणाली, सुतळी मोजतेय. त्याला पटलं. बाईच्या हातात सुतळी असली की पुरुषांना काळजी वाटत नाही.

"मोजता येत नाही म्हणे," ती रोज गाठ मारताना पुटपुटे आणि गाठ अशी आवळे की दोरा करकरावा.

घरी चार माणसं. थोरली, धाकटी, सासू आणि थोरलीचा नवरा. धाकटीचा नवरा लांबच्या रस्त्यावर मालाच्या गाड्या चालवी, महिन्यातून दोन दिवस दिसे. थोरलीचा नवरा याच बागेत फवारणीवाला. पाठीवर टाकी, हातात नळी, नऊ वर्षं. गेल्या वर्षापासून त्याचे हात थरथरायला लागले होते. सकाळी सदऱ्याची बटणं त्याला लावता येत नसत. सासू चहा ठेवता ठेवता उठे, काही न बोलता बटणं लावून देई आणि तो भिंतीकडे बघत उभा राही. चाळिशीतला माणूस आणि आईकडून बटणं लावून घेतो. कामावर त्याला दारुड्या म्हणत. त्यानं लग्नानंतर थेंबाला शिवलं नव्हतं, पण सांगणार कुणाला? थरथरणारा हात सगळ्यांना दिसतो, कोरडं तोंड कुणी हुंगत नाही.

चार आठवडे झाले. सुट्टीच्या दुपारी थोरलीनं पाचही दोरे घरी आणले आणि भिंतीवरच्या दांडीला ओळीनं टांगले. तिला नुसतं बघायचं होतं. दोन नंबर आणि पाच नंबरला एखाददुसरं लाल रबर. एक आणि तीनला पाच-सहा. चार नंबरचा दोरा मात्र लालच लाल. रबरांच्या वजनानं तो इतरांपेक्षा सरळ लोंबत होता.

"हे बघ धाकटे," ती म्हणाली. "या गाठीला तुझं. या गाठीला ठसका आणि तिची भाची. हे परत तुझं."

धाकटी उशीला टेकून बसली होती. "जाऊबाई, इथून जास्त का झालंय? आधी एकेक आहे. इथून पुढं तीन-तीन, चार-चार."

थोरलीनं गाठी मोजल्या. "ही मुकादमानं परवानगी दिली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. खायला लागलो तिथून."

"खाल्ल्यावर वाढलं? खाऊन कुणी चक्कर येऊन पडतं का?"

सासू धान्य निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "हात कुठं धुता?" तिनं विचारलं.

थोरलीचा हात आपसूक कमरेच्या फडक्याकडे गेला.

"नळ बाहेर आहे ना तुमचा? आत उभ्यानं खाता असं तूच सांगितलंस. मग हात कुठं धुता?"

थोरलीला कळलं. तीन आठवडे. तीन आठवडे त्या सगळ्या जणी आनंदानं तेच खात होत्या. आणि मुकादमाला दुवा देत होत्या! तिला राग आला. डॉक्टरचा आला, मुकादमाचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला," सासू म्हणाली आणि खडा वेचून बाजूला टाकला.

नवरा बाजेवर पडला होता. तो उठला आणि दोऱ्यांसमोर येऊन उभा राहिला. मग त्यानं चार नंबरच्या दोऱ्यावर बोट ठेवलं. बोट थरथरत होतं, म्हणून दोराही हलायला लागला.

"सोमवार," तो म्हणाला. बोट एकेका गाठीवरून सरकायला लागलं. "सोमवारी संध्याकाळी मी चार मारली. मंगळवारी तुझी रबरं. बुधवारी एक आणि तीन. गुरुवारी रबरं. शुक्रवारी परत चार." त्यानं बोट काढून घेतलं. "हे माझंच आहे सगळं."

"म्हणजे?"

"मी संध्याकाळी फवारतो. दुसऱ्या सकाळी तुम्ही आत जाता. डब्यावर लिहिलंय, दोन दिवस आत जायचं नाही. पहिल्या वर्षी मुकादमानंच वाचून दाखवलं होतं. तेव्हा आम्ही दोन दिवस शेडला दोरी लावून बंद ठेवायचो."

"आणि आता?"

"आता ऑर्डरी वाढल्या. कळी दोन दिवस थांबत नाही, उमलते. उमललेलं फूल कोण घेतं?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" थोरलीचा आवाज चढला. "तुमच्या भावाची बायको पडते, बायको डोळे चोळत घरी येते आणि तुम्ही..."

"मला वाटलं, वास गेला की ते जातं," तो म्हणाला. "आणि बोललो असतो तर म्हणाले असते, हा दारुड्या काय सांगतो."

थोरलीला त्याला आणखी बोलायचं होतं, पण तिच्यानं झालं नाही. तिला त्याची कीव आली आणि कीव आली म्हणून पुन्हा राग आला.

दुसऱ्या दिवसापासून बायका मुकादमाचं न ऐकता नळाशी हात धुऊन बाहेरच खायला लागल्या. त्याच दिवशी नऊ जणी साहेबाच्या खोलीत गेल्या. साहेब शहरातून येई, खोलीत थंड हवेचं यंत्र होतं आणि टेबलावर कागदी फुलं होती. ठसकानं कोपरानं थोरलीला ती दाखवली. गुलाबाच्या बागेच्या मालकाकडे कागदाची फुलं. थोरलीनं दोरे टेबलावर पसरले आणि सांगितलं: चार नंबरचा पडदा दुरुस्त करा, फवारल्यावर दोन दिवस आत पाठवू नका, नळ शेडच्या दाराशी आणा. तीनच गोष्टी. चौथी मागितली नाही.

साहेबानं दोरा दोन बोटांत धरला. "हे काय आहे?"

"मोजदाद," थोरली म्हणाली. "डॉक्टरसाहेबांना हवी होती."

साहेब गोड बोलला. बघतो म्हणाला, काळजी करू नका म्हणाला. आणि शुक्रवारी त्याची काळजी डॉक्टरच्या पिशवीतून आली. पांढऱ्या बारीक गोळ्या. डॉक्टरनं सगळ्यांना पत्र्याखाली बसवून समजावलं. एक बाई पडली की दुसरी घाबरते, घाबरली की तिला गरगरतं, मग तिसरीला. हे मनाचं असतं, लाज वाटायचं कारण नाही, शिकलेल्यांनाही होतं. या गोळ्यांनी मन शांत राहील.

"कोळ्यालाही द्या एकेक," ठसका म्हणाली. "तोही फार घाबरट असेल."

पण गोळ्या घ्याव्या लागल्या. सकाळी हजेरीच्या वेळी मुकादम पुढ्यात गोळी ठेवी, पाणी देई आणि म्हणे, "तोंड उघड. जीभ वर कर." बायका जिभा वर करीत. पोरंबाळं झालेल्या, सुना आलेल्या बाया, गुरांचे दात बघावेत तशा एकामागून एक. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं ते औषधाच्या वासानं नव्हे. गोळ्यांनी झोप येई, जीभ जड होई. तिसऱ्या दिवशी ठसकाची कात्री कळीऐवजी अंगठ्यावर बसली. रक्त बघत ती झोपाळू आवाजात म्हणाली, "बघा, किती शांत आहे मी." त्या दिवशी पहिल्यांदा कुणी हसलं नाही. आणि चार नंबरमध्ये बायका पडायच्या थांबल्या नाहीत. आता नुसत्या शांतपणे पडत होत्या.

मग कागद आले. छापील. मुकादमानं सगळ्यांसमोर वाचून दाखवला: मला हा त्रास स्वभावतः व पूर्वीपासून आहे, कामाशी त्याचा संबंध नाही, माझ्यावर मोफत उपचार चालू आहेत. खाली नाव, वय, शेड, आजाराचं नाव आणि सही नाहीतर अंगठा. मंगळवारी डॉक्टरसमोर भरायचे. वाचून झाल्यावर त्यानं थोरलीला बाजूला घेतलं.

"तू सही केलीस की बाकीच्या करतील. तुझं ऐकतात. आणि तुझ्या जावेला मंगळवारपासूनच साहेबांच्या खोलीत घेतो. कप धुवायचे, टेबल पुसायचं, सावलीतलं काम. बाळंतपणापर्यंत. तिचं भलं बघ."

थोरली घरी आली. तिनं लपवलं नाही, सगळं सांगितलं.

"कर सही," नवरा म्हणाला. "एका कागदानं काय होतं? पोर तरी वाचेल."

सासूनं धाकटीच्या पोटाकडे पाहिलं. "मीही तेच म्हणेन," ती म्हणाली. "पाचवा लागलाय. तत्त्व नंतर बघू. आधी हिला त्या भट्टीतून काढ."

थोरलीला तेच हवं होतं. तेच तिच्याही मनात होतं. सही केली तर जाऊ सावलीत बसणार. तिच्या जागी चार नंबरच्या सातव्या सरीत कुणीतरी दुसरी उभी राहणार, हेही तिला दिसत होतं, पण दुसरी ही दुसरी असते. तिनं धाकटीकडे पाहिलं.

धाकटी एरवी फार बोलत नसे. वयानं लहान, घरात नवीन, भाऊजींसमोर तर मान खालीच. ती आता उठून बसली.

"मला विचारलंत का कुणी?" ती म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच..."

"मला वेड लागलंय का, जाऊबाई?"

"नाही."

"मग कागदावर का लागायचं? उद्या याला काही झालं," तिनं पोटावर हात ठेवला, "तर काय सांगतील? आई आधीपासूनच भ्रमिष्ट होती, हे बघा, तिचा स्वतःचा अंगठा. आणि काही झालं नाही, तर मोठेपणी याला काय सांगतील? वेडीचं पोर. मी पडेन जाऊबाई, पुन्हा पडेन, पण त्या कागदावर नाही पडणार."

भाऊजींसमोर एवढं बोलली म्हणून तिची तिलाच लाज वाटली आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली. सासू उठली, तिच्या अंगावर पांघरूण घातलं. "बोलायला लागली," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार होती की कौतुक, ते तिलाच ठाऊक.

मंगळवारी पत्र्याखाली टेबल मांडलं. टेबलाशी डॉक्टर, शेजारी कारकून, मागं मुकादम. कारकून नवा होता, अक्षर सुरेख, आणि कुणी मोठ्यानं बोललं की दचकायचा. समोर बत्तीस बायकांची रांग. फवारणी आदल्या संध्याकाळी झाली होती. चार नंबरमध्ये कळ्या कापायच्या थांबल्या होत्या, म्हणून मुकादम सारखा घड्याळ बघत होता. ऊन जसं चढेल तशी एकेक कळी सैल होणार होती. थोरली रांगेत पहिली होती. मुकादमानंच तिला पुढं उभं केलं होतं.

कारकुनानं नाव लिहिलं, वय लिहिलं, शेड लिहिली. "आजाराचं नाव?" असं विचारून तो स्वतःच लिहायला लागला. सगळ्यांसाठी एकच लिहायचं, हे त्याला आधी सांगून ठेवलं होतं.

"थांबा," थोरली म्हणाली. "मला विचारताय ना? मग मी सांगते ते लिहा."

कारकुनानं डॉक्टरकडे पाहिलं.

"सांग," डॉक्टर म्हणाला. "भीतीचे झटके, असंच ना?"

"नाही. चार नंबरची शेड."

"शेड वरच्या रकान्यात झाली. हा आजाराचा रकाना आहे."

"कळलं मला. आजाराचंच नाव सांगतेय. चार नंबरची शेड."

डॉक्टरनं चष्मा काढला. "हे बघ बाई, शेड हा आजार नसतो. मी पंधरा वर्षं शिकलोय, अशा नावाचा आजार कुठल्याही पुस्तकात नाही."

"मग घाला पुस्तकात. आम्ही काय तो पुस्तकात बघून आणला नाही." तिनं लाल रबरांचा दोरा टेबलावर ठेवला. "सोमवारी फवारतात, मंगळवारी होतो. दोन दिवस सुट्टी असली की होत नाही. पडदे उघडतात त्या शेडमध्ये कमी होतो. तुमच्या चिठ्ठीवरून आत खायला लागलो तेव्हा वाढला, बाहेर हात धुऊन खायला लागलो तेव्हा कमी झाला. तुम्ही म्हणाला होतात ना मोजलं नाही? हे मोजलं. आता माझं मन कुठल्या गाठीत आहे ते दाखवा."

"तू सही करणार आहेस की नाही?" मुकादम पुढं आला. "जावेचं काय ठरलं होतं?"

"तुमचं ठरलं होतं. तिचं नाही." तिनं कारकुनाकडे पाहिलं. "लिहा. आणि ते स्वभावतः, पूर्वीपासून, कामाशी संबंध नाही, त्यावर रेघ मारा. मग करते सही. मला सही येते."

कारकुनाचं पेन हवेत राहिलं होतं. डॉक्टर म्हणाला, तिला बाजूला काढा, पुढची घ्या. पुढची ठसका होती. अंगठ्याला चिंधी.

"आजार?" मुकादम गुरगुरला.

"चार नंबरची शेड," ठसका म्हणाली. "जुना आहे माझा. पडदा मोडला तेव्हापासूनचा."

तिसरी म्हणाली, चार नंबर. चौथी घाबरली होती, पण तिनंही चार बोटं वर केली. पाचवी एक नंबरमध्ये काम करायची, ती म्हणाली, "माझी एक नंबर, बुधवारच्या फवारणीची." रांगेत कुजबुज सुरू झाली आणि मग कुजबुज राहिली नाही, मागच्या बायका मोठ्यानंच बोलायला लागल्या. मुकादम ओरडला, कामावर चला, कागद नंतर. कुणी हललं नाही.

"रांग मोडायची नाही," थोरली म्हणाली. "कागद भरल्याशिवाय आत जायचं नाही. साहेबांचाच हुकूम आहे."

तेवढ्यात पंपघराकडून थोरलीचा नवरा आला. पाठीवर रिकामी टाकी तशीच. बायकांच्या रांगेला वळसा घालून तो सरळ टेबलाशी येऊन उभा राहिला.

"तुझं काय इथं?" मुकादम म्हणाला. "हे बायकांचं आहे."

त्यानं टाकी खाली उतरवली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. हात थरथरत होते. टेबल मोडकं होतं, त्याबरोबर तेही थरथरायला लागलं. डॉक्टरच्या पेल्यातलं पाणी हललं, पेनं घरंगळत कडेला गेली. त्यानं हात उचलले नाहीत.

"रोज किती घेतोस?" डॉक्टरनं विचारलं.

"नळीनं पंधरा टाक्या," तो म्हणाला. "दारू विचारत असाल तर बारा वर्षांत एक थेंब नाही. माझाही कागद भरा."

"तुला कुठल्या शेडचा..."

"सगळ्या. एक ते पाच. मीच फवारतो." त्यानं मुकादमाकडे मान वळवली. "डब्यावर दोन दिवस लिहिलंय. मुकादमानं मला वाचून दाखवलं होतं, मी विसरलेलो नाही. हेही लिहा, की मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो. आता बसत नाही."

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं. बारा वर्षांच्या संसारात तिला त्याचा असा अभिमान कधी वाटला नव्हता, आणि तो वाटला हे तिनं चेहऱ्यावर मुळीच लपवलं नाही.

डॉक्टर उठला. अशानं हे कागद रद्द समजले जातील, मी साहेबांना कळवतो, असं म्हणून तो पिशवी घेऊन निघाला. मुकादम त्याच्या मागं मागं गेला, अर्ध्यातून परत आला, पुन्हा गेला. चार नंबरच्या प्लॅस्टिकच्या भिंतीतून आतली रांगच्या रांग दिसत होती. अकरा वाजले होते. कळ्या सुटायला लागल्या होत्या. बायका उन्हात तशाच उभ्या होत्या, कुणी फडकं डोक्यावर घेतलं, कुणी शेजारणीला पाण्याची बाटली दिली.

टेबलाशी एकटा कारकून उरला. त्यानं डॉक्टर गेला त्या वाटेकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं. त्याला कुणी थांब म्हटलं नव्हतं आणि लिही असंही म्हटलं नव्हतं. त्यानं थोरलीचा कागद पुढं ओढला, आजाराच्या रकान्यात सुरेख अक्षरात लिहिलं आणि वरच्या त्या सगळ्या शब्दांवर पट्टी ठेवून रेघ मारली. थोरलीनं सही केली. मग ठसकाचा अंगठा, चिंधीतला नव्हे, दुसरा. मग बाकीच्या. फवारणीवाल्याचा हात थोरलीनं मनगटाशी धरला, तेव्हा कुठं अंगठा रकान्यात उमटला.

"पुढची कोण?" कारकुनानं विचारलं.

धाकटी खोक्यावर बसली होती. ती उठली. थोरली धरायला पुढं झाली, तर तिनं मानेनंच नको म्हटलं आणि आपली आपण टेबलाशी आली.

"आजाराचं नाव?"

"चार नंबरची शेड," धाकटी म्हणाली. "आणि दोन कागद घ्या. आम्ही दोघं आहोत."